उत्तराचं कोरं कार्ड

प्लेसमेंटच्या दिवसांत आमच्या हॉस्टेलवर तीन प्रकारचे प्राणी आढळतात. झालेले, उडालेले आणि लटकलेले. झालेला पार्टी देतो. उडालेला दोन दिवस मेसला येत नाही, तिसऱ्या दिवशी ऍप्टिट्यूडचं पुस्तक घेऊन पुन्हा रीडिंग रूममध्ये दिसतो. लटकलेल्याचं मात्र काही खरं नसतं. त्याचा टेक्निकल झालेला असतो, एचआर झालेला असतो, साहेबांनी हसून हात मिळवलेला असतो आणि आठवड्याभरात कळवतो असं सांगितलेलं असतं. पुढे मेल नाही, फोन नाही, काहीच नाही. मी सध्या या तिसऱ्या गटात मोडतो. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. इंटरव्ह्यू होऊन सात आठवडे झाले. मी दोन मेल टाकले, टीपीओ सरांनी एक फोन केला. पलीकडे शांतता!

याच सात आठवड्यांत लायब्ररीतून अल्बर्ट आइन्स्टाइनचं चरित्र आणून वाचलं. वाटलं होतं सापेक्षतावाद वगैरे असेल, डोक्यावरून जाईल. पण मधलं एक प्रकरण वाचून मी गादीवर उठूनच बसलो. मित्रांनो, हा माणूस जवळजवळ दोन वर्षं लटकलेला होता. त्याची ती दोन वर्षं इथे माझ्या शब्दांत सांगतो.

आइन्स्टाइनचा जन्म १४ मार्च १८७९ चा, जर्मनीतल्या उल्म गावचा. वडील हेर्मान आणि काका याकोब यांचा म्युनिकमध्ये विजेची यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. म्हणजे आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांच्या गोत्रातला! मोठ्या कंपन्यांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि १८९४ मध्ये कुटुंब इटलीला गेलं. तिथेही धंद्याने मार खाल्ला. तो गणितात नापास झाला होता ही आपल्याकडची लाडकी कथा आहे, ती साफ खोटी. झालं ते एवढंच की १८९५ मध्ये, वय कमी असताना, त्याने झुरिचच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. गणित-विज्ञानात तो चमकला आणि भाषा वगैरे इतर विषयांनी दगा दिला. मग वर्षभर आराऊच्या शाळेत काढून १८९६ मध्ये प्रवेश मिळाला. (पॉलिटेक्निक म्हणजे आपला डिप्लोमा नव्हे. आज जिला ईटीएच झुरिच म्हणतात, तीच ही संस्था.) गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक तयार करणाऱ्या विभागात तो शिकत होता.

तिथे स्वारी कशी राहायची ते वाचून आपल्या विंगमधल्या दोन-तीन जणांची आठवण होते. लेक्चरला दांड्या, खोलीत बसून स्वतःच्या आवडीचं वाचन, आणि परीक्षा जवळ आली की वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमानच्या वह्या. ग्रॉसमानच्या नोट्स इतक्या सुंदर असत की तेव्हा झेरॉक्स असतं तर तो श्रीमंत झाला असता. पेर्ने नावाच्या प्राध्यापकांच्या प्रॅक्टिकलला तर आइन्स्टाइन जवळपास फिरकायचाच नाही. त्यांनी त्याला सहापैकी एक गुण दिला आणि कॉलेजकडून लेखी ताकीदही देववली. भौतिकशास्त्राचे मुख्य प्राध्यापक वेबर. सगळे त्यांना हेर प्रोफेसर म्हणत, हा पठ्ठ्या नुसतं हेर वेबर म्हणायचा. आपल्याकडे एखाद्या सरांना नुसतं आडनावाने हाक मारून बघा, मग कळेल.

जुलै १९०० मध्ये निकाल लागला. सहापैकी सरासरी ४.९१. पास झालेल्या चौघांत हा शेवटचा. त्याची मैत्रीण मिलेवा मारिच त्याच परीक्षेत नापास झाली. बाकीच्या तिघांना तिथेच असिस्टंटच्या जागा मिळाल्या. वेबरना असिस्टंट हवे होते, पण त्यांनी मेकॅनिकलची दोन मुलं घेतली आणि स्वतःच्या विभागातल्या या विद्यार्थ्याला घेतलं नाही. गणिताचे प्राध्यापक हुर्विट्झ यांच्याकडेही त्याने अर्ज केला. तिथेही काही जमलं नाही.

आता यात चूक कोणाची? माझं स्पष्ट मत असं की इथपर्यंत निम्मी चूक त्याचीच. ज्यांच्या लॅबला गेला नाहीस त्यांनी तुला लॅबमध्ये का घ्यावं? थोर माणसावर अन्याय झाला असं लिहिणं सोपं असतं, पण तेव्हा तो थोर नव्हता. कमी हजेरीचा, तोंडाळ, बेताच्या गुणांचा एक मुलगा होता आणि वेबर सरांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. पुढे जे झालं ते मात्र वेगळं आहे.

डिसेंबर १९०० मध्ये त्याने आपला पहिला शोधनिबंध पाठवला. विषय केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत द्रव वर चढतो ते. १९०१ मध्ये तो 'आनालेन डेर फिजिक' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जर्मन नियतकालिकात छापून आला. आता हातात पेपर होता. मग त्याने युरोपभर पत्रं पाठवायला सुरुवात केली. गटिंगेनच्या रीके यांनी असिस्टंटच्या जागा काढल्या होत्या, तिकडे अर्ज गेला. त्यांचा नकार आला. ठीक आहे. नकार आला की माणूस एक शिवी हासडतो आणि पुढचं पाकीट चिकटवायला घेतो. इतर बऱ्याच ठिकाणांहून तर तेही आलं नाही. वेबर आपल्याविषयी वाईट सांगत असणार असा संशय त्याला येऊ लागला. आपण ज्यू आहोत म्हणून जर्मन भाषक मुलखात दार उघडत नाही, हेही त्याला वाटत होतं. खरं काय ते कळायला मार्गच नव्हता. कारण उत्तर आलं नाही की कारणंही आपणच शोधत बसतो आणि ती रात्री अकरानंतर फार सापडतात.

१९ मार्च १९०१ रोजी त्याने लाइपझिगच्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांना पत्र लिहिलं. ऑस्टवाल्ड म्हणजे त्या वेळचे भौतिक रसायनशास्त्रातले दादा. सोबत आपला निबंध जोडला आणि प्रयोगशाळेत जागा आहे का, असं विचारलं. दोन आठवडे काही नाही. ३ एप्रिलला त्याने पुन्हा कार्ड टाकलं. निमित्त काय, तर मागच्या पत्रात मी माझा पत्ता लिहिला होता की नाही ते आठवत नाही, म्हणून पुन्हा कळवतो! हे वाचून मला हसू आलं आणि लगेच थांबलं. आपण काय करतो? अटॅचमेंट उघडत नसेल म्हणून रेझ्युमे पुन्हा पाठवतो. शंभर वर्षांत युक्ती बदललेली नाही.

यानंतरचा प्रसंग आइन्स्टाइनला त्या वेळी ठाऊकच नव्हता. १३ एप्रिलला त्याच्या वडिलांनी, मुलाला न सांगता, ऑस्टवाल्डना पत्र लिहिलं. हेर्मान आइन्स्टाइन तेव्हा मिलानला होते, धंद्यात बुडालेले, कर्जात असलेले. लाइपझिगच्या त्या मोठ्या प्रोफेसरांना त्यांनी आधी आपल्या आगाऊपणाबद्दल क्षमा मागितली. मग लिहिलं की मुलगा बावीस वर्षांचा आहे, चार वर्षं शिकला आहे, नोकरी मिळत नाही म्हणून आतून खचत चालला आहे आणि आपण गरीब आईबापांवर भार झालो असं त्याला वाटतं. तुम्ही त्याचा निबंध वाचून दोन ओळी जरी लिहिल्यात तरी त्याला जगायला आणि काम करायला उमेद येईल. जमलंच तर असिस्टंटची जागा द्या. आणि हो, मी हे पत्र लिहिलंय ते त्याला माहीत नाही.

उत्तर आल्याची नोंद नाही.

माझ्या वडिलांनी परवा फोनवर त्या एचआर बाईंचा नंबर मागितला होता. मी एकदा बोलून बघतो म्हणाले. गावच्या सोसायटीत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घसा खाकरतो. मी नंबर दिला नाही. पण हेर्मानचं पत्र वाचल्यावर हे इथे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

वडिलांच्या पत्राच्या आदल्याच दिवशी, १२ एप्रिलला, पोराने आणखी एक कार्ड टाकलं होतं, हॉलंडमधल्या लायडनला, हाइके कामेरलिंग ओनेस यांना. अतिशीत तापमानावर काम करणारे हेच ते ओनेस. त्यांनी पुढे १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला आणि १९११ मध्ये अतिवाहकता शोधली. या वेळी आइन्स्टाइनने जोडकार्ड वापरलं. त्याच्या अर्ध्या भागावर पत्र लिहायचं आणि उरलेला अर्धा भाग उत्तरासाठी, त्याचा टपालखर्च पाठवणाऱ्यानेच भरलेला. म्हणजे समोरच्याला एक पैसा खर्च नाही, पत्ता शोधायला नको. नाही एवढा एक शब्द लिहून पेटीत टाकला की झालं. ते कार्ड आजही लायडनच्या विज्ञानाच्या इतिहासाच्या संग्रहालयात आहे आणि त्याचा उत्तराचा भाग कोराच आहे.

मधल्या काळात त्याने काय केलं? मिळेल ते. मे १९०१ पासून दोन महिने विंटरथुरच्या तांत्रिक शाळेत लष्करी सेवेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी शिकवलं. सप्टेंबरपासून शाफहाउजेनमध्ये खासगी शिकवणी. तिथे मालकाशी भांडण झालं आणि काही महिन्यांत तीही गेली. दरम्यान मिलेवाला दिवस गेले होते. नोकरी नाही म्हणून लग्न नाही, त्यात आईचा लग्नाला ठाम विरोध. जानेवारी १९०२ मध्ये मिलेवाला तिच्या माहेरी मुलगी झाली. लीसर्ल तिचं नाव. तिचं पुढे नक्की काय झालं ते आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही. ती जन्मली होती हेच जगाला त्या दोघांच्या पत्रांवरून १९८० च्या दशकात समजलं. दोन वर्षं लटकत राहण्याची किंमत फक्त पैशांत मोजू नये, एवढंच मी म्हणेन.

मदतीला आला तो पुन्हा वहीवाला ग्रॉसमान. त्याने आपल्या वडिलांना सांगितलं, वडिलांनी बर्नच्या पेटंट ऑफिसचे संचालक फ्रीडरिश हाल्लर यांच्या कानावर घातलं. हो, वशिला! नाकं मुरडू नका. ही कुणकुण एप्रिल १९०१ मधली, जागेची जाहिरात आली डिसेंबरमध्ये, आणि नेमणूक झाली जून १९०२ मध्ये. सरकारी काम जगात सगळीकडे सारखंच. पण एक गोष्ट हाल्लरनी चांगली केली. त्यांनी मुलाला समोर बसवून लांबलचक तोंडी परीक्षा घेतली. यंत्रांची ड्रॉइंग वाचण्यात तो कच्चा आहे हे त्यांना दिसलं आणि तरी त्यांनी त्याला तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून घेतलं, पगार वर्षाला ३५०० फ्रँक. ड्रॉइंगमध्ये केटी असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वाट बघताना तो बर्नमध्ये नुसता बसला नव्हता. फेब्रुवारी १९०२ मध्ये त्याने तिथल्या वर्तमानपत्रात गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवणीची जाहिरात दिली. पहिला तास फुकट! ती वाचून सोलोविन नावाचा विद्यार्थी आला. शिकवणी राहिली बाजूला आणि दोघांची दोस्ती झाली. हाबिश्ट नावाचा तिसरा येऊन मिळाला आणि रात्र रात्र वाचन आणि वाद चालू झाले. या टोळीला त्यांनी ऑलिम्पिया अकादमी असं भारदस्त नाव दिलं. आपल्या टेरेसवरच्या मैफिलींना असं काहीतरी नाव द्यायला हवं.

२३ जून १९०२ रोजी तो कामावर रुजू झाला. १० ऑक्टोबरला मिलानमध्ये हेर्मान वारले. मुलाला सरकारी नोकरी लागलेली त्यांनी जेमतेम साडेतीन महिने पाहिली. १९०५ चे ते निबंध त्यांच्या वाट्याला आले नाहीत. प्रकाशकण, ब्राउनियन गती, विशेष सापेक्षता, वस्तुमान आणि ऊर्जेचं ते सुप्रसिद्ध समीकरण... हे सगळं ऑफिसची आठ तासांची ड्युटी सांभाळून, एका वर्षात.

आणि तुम्हाला वाटेल की १९०५ नंतर दारं धडाधड उघडली असतील. छे! १९०८ च्या सुरुवातीला त्याने झुरिचच्या एका शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. सापेक्षतावादाचा शोध नावावर असलेला माणूस, शाळामास्तरकीसाठी. एकवीस अर्ज आले होते. निवडलेल्या तिघांत आइन्स्टाइन नव्हता.

१९०९ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाने मानद डॉक्टरेट द्यायचं ठरवून त्याला पत्र पाठवलं. भलंमोठं पाकीट, नक्षीदार छपाई. त्याला ती कसली तरी जाहिरात वाटली आणि त्याने ते न वाचताच कचऱ्याच्या टोपलीत टाकलं! उत्तर येईना म्हणून विद्यापीठाला त्याच्या एका मित्राकरवी निरोप धाडावा लागला. स्वारी गवताची हॅट आणि साधा सूट घालून समारंभाला हजर. त्या दिवशी पदवी मिळालेल्यांच्या यादीत आणखी एक नाव होतं, विल्हेल्म ऑस्टवाल्ड. आणि नोबेलसाठी आइन्स्टाइनचं नाव सर्वांत आधी सुचवलं तेही ऑस्टवाल्डनीच, १९१० च्या पारितोषिकासाठी. त्या दोन पत्रांचा आणि एका बापाच्या पत्राचा विषय त्या दोघांत कधी निघाला का, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. ओनेस यांच्या लायडननेही पुढे, १९२० मध्ये, त्याला खास प्राध्यापकपद दिलं.

जून १९२४ मध्ये बर्लिनला आइन्स्टाइनच्या टेबलावर ढाक्याहून एक पाकीट आलं. पाठवणारा सत्येंद्रनाथ बोस नावाचा तिशीतला अनोळखी अध्यापक. आत प्लांकच्या नियमावरचा छोटा निबंध आणि विनंती, की योग्य वाटला तर जर्मनमध्ये भाषांतर करवून छापण्याची व्यवस्था करावी. आइन्स्टाइनने स्वतः बसून भाषांतर केलं, आपली शिफारशीची टीप जोडून तो छापायला पाठवला आणि बोसना एक पोस्टकार्ड लिहिलं. ढाका विद्यापीठात बोसांचा परदेशी जाण्याच्या रजेचा अर्ज पडून होता, तो ते कार्ड दाखवल्यावर मंजूर झाला. जर्मन वकिलातीनेही ते कार्ड पाहून व्हिसा दिला आणि त्याची फी घेतली नाही.