जमाखर्चाला वाचा देणारा संपादक

अर्थविषयक वृत्तपत्र म्हटले की शेअरांचे भाव, हुंडणावळीचे दर आणि कंपन्यांचे ताळेबंद एवढेच सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे येते. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी ते पान बहुधा न वाचताच उलटतात. हा व्यापाऱ्यांचा प्रांत, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी त्यांची समजूत असते. ती किती चुकीची आहे हे पाहायचे असेल, तर गेल्या शतकाच्याही आधीच्या एका संपादकाचे चरित्र डोळ्यांखालून घालावे. रॉबर्ट नाइट हे त्यांचे नाव.

नाइट यांचा जन्म १८२५ सालचा, लंडनचा. १८४७ साली ते मुंबईस आले ते पत्रकार म्हणून नव्हे, तर व्यापाराच्या निमित्ताने. त्या वेळी मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ नावाचे इंग्रजी पत्र निघत असे. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी सुरू झालेले हे पत्र आरंभी आठवड्यातून दोनदा प्रसिद्ध होई. १८५० मध्ये ते दैनिक झाले. नावातच व्यापाराचा उल्लेख असलेल्या या पत्राचा मुख्य आधार होता तो बंदरावरील व्यापारीवर्ग. कोणते गलबत लागले, विलायतेची डाक काय घेऊन आली, कापूस आणि अफू यांचे भाव काय, हे त्याच्या वाचकाला आधी हवे असे.

या पत्राच्या भागीदारांत हिंदी गृहस्थही होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी तत्कालीन संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी एतद्देशीयांविरुद्ध अत्यंत कडवट आणि सूडाची भाषा वापरण्यास प्रारंभ केला. भागीदारांनी सूर बदलण्यास सांगितले. बुइस्ट यांनी नकार दिला. तेव्हा भागीदारांनी त्यांना दूर करून नाइट यांच्याकडे संपादकपद सोपविले. ज्या देशात राज्यकर्त्यांपुढे ब्र काढणे कठीण होते, तेथे केवळ भागभांडवलाच्या बळावर एका इंग्रज संपादकाला जावे लागले, ही घटना लहान नव्हे. पत्राची मालकी कोणाकडे आहे यावर त्याचा सूर अवलंबून असतो, हा धडा नाइट यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच पानावर लिहिला गेला.

त्यांनी तो वाया जाऊ दिला नाही. दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातील इनामांची चौकशी करण्यासाठी सरकारने इनाम कमिशन नेमले होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनींचे दाखले तपासून हजारो वतनदारांच्या हक्कांवर त्याने गदा आणली. १८५९ साली नाइट यांनी या कमिशनवर प्रखर टीका करणारी पुस्तिका लंडनमध्ये प्रसिद्ध केली. व्यापारी पत्राच्या संपादकाला इनामांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारले असेल. पण जमिनीवरील हक्क अनिश्चित झाला की शेती, सावकारी, सारा आणि व्यापार ही सारी साखळीच डळमळते, हे त्यांना उमगले होते.

पुढे नाइट यांनी पत्राची मालकी मिळविली, ‘बॉम्बे स्टँडर्ड’ हे प्रतिस्पर्धी पत्र त्यात विलीन केले आणि १८६१ मध्ये त्याला ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव दिले. रॉयटरच्या तारांशीही त्यांनी संबंध जोडला. याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी नव्हता असा भाव आला. मुंबईत नव्या नव्या कंपन्यांचे पेव फुटले. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि वायद्यांचे इमले जमीनदोस्त झाले. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. लिव्हरपूलचा दर आणि खानदेशातील शेतकऱ्याची चूल यांचे नाते त्या चार वर्षांनी उघडे केले.

नाइट यांचे खरे कार्य मात्र भाव छापण्यापलीकडचे होते. हिंदुस्थानच्या तिजोरीतून काय जाते, कशासाठी जाते आणि ते न्याय्य आहे काय, हा त्यांचा ध्यास होता. १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांशाची हमी मिळाली होती. तो बोजा येथील महसुलावर होता. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चही याच तिजोरीवर टाकण्यात आला. १८६७ साली दादाभाई नौरोजी यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे इंग्लंडवरील हिंदुस्थानच्या ऋणाचा विषय मांडला. पुढच्याच वर्षी, मार्च १८६८ मध्ये, त्याच संस्थेपुढे नाइट यांनी दोन्ही देशांच्या आर्थिक संबंधांचे परीक्षण करणारा निबंध वाचला. १८६९ साली त्यांनी ‘इंडियन इकॉनॉमिस्ट’ हे नियतकालिक काढले आणि १८७५ मध्ये कलकत्त्यास ‘स्टेट्समन’ सुरू केले. जानेवारी १८९० मध्ये त्याच शहरी त्यांचे निधन झाले.

त्यांना देवत्व देण्याचे कारण नाही. ते ब्रिटिश साम्राज्याचे विरोधक नव्हते. इंग्रजी राज्य न्यायाने चालावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. खुल्या व्यापाराने येथील कारागिरांचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या विचारसरणीत शोधून सापडेलच असे नाही. परंतु सरकारी अंदाजपत्रक ही रयतेने वाचावयाची गोष्ट आहे, हा आग्रह धरणाऱ्या पहिल्या काही संपादकांत त्यांची गणना करावी लागेल.

‘टाइम्स ऑफ इंडिया’ या नावाला शंभर वर्षे झाली त्या १९६१ सालीच त्याच संस्थेने मुंबईत ‘इकॉनॉमिक टाइम्स’ हे अर्थविषयक दैनिक सुरू केले. व्यापारी पत्र म्हणून जन्मलेल्या घराण्यात पुन्हा व्यापारी पत्र आले. दरम्यान वाचक मात्र बदलला होता. बँकेत ठेव ठेवणारा, विमा उतरविणारा, भविष्यनिर्वाह निधी साठविणारा नोकरदार आता स्वतःच भांडवल पुरविणारा झाला होता.

नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्याचेच उदाहरण घ्या. तेथून जाणारा सुरतेचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे कंपनीने बांधला. ही भागभांडवलावर उभी राहिलेली कंपनी. तिचा कारभार मुंबईची किलिक निक्सन पेढी पाही. म्हणजे ज्या गावात अर्थपत्र पोचतही नव्हते, त्या गावाचा रस्ताच मुळी अर्थपत्रातील उलाढालीतून आला होता. आज कापसाचा किंवा मिरचीचा भाव तेथील तरुणाला हातातल्या दूरध्वनीवर क्षणात कळतो. तो भाव का पडला, आयातीचे धोरण कोणी बदलले, त्याचा लाभ कोणाला झाला, हे मात्र आकडा सांगत नाही. ते सांगणारा संपादक लागतो आणि ते विचारणारा वाचकही लागतो. शाळेतील गणिताच्या तासाला एखाद्या दिवशी अर्थसंकल्पाचे पान फळ्यावर मांडले गेले, तर असा वाचक चिंचपाड्यातही घडेल.