बैलाच्या पोटातला कॅमेरा

गायीबैल चरत असले की त्यांच्या पायांजवळ बगळे आणि साळुंक्या निर्धास्त फिरतात, हे तुम्ही पाहिले असेल. माणूस जवळ गेला की मात्र तेच पक्षी भुर्रकन उडून जातात. १९०० साली इंग्लंडमधील कुरणांत असाच एक बैल उभा राहू लागला. तो गवत खात नसे, शेपटीही हलवत नसे. कारण तो पोकळ होता आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन माणूस दडलेला असे. असे छायाचित्र घेण्यासाठी धडपडणाऱ्या रिचर्ड कीर्टन यांची ही हकिकत आहे.

रिचर्डचा जन्म २ जानेवारी १८६२ रोजी यॉर्कशायरमधील थ्वेट या लहानशा खेड्यात झाला. मुलूख डोंगराळ, घर शेतकऱ्याचे. पक्ष्यांची घरटी शोधत हिंडण्याची त्याला भारी हौस होती. एकदा असाच हिंडताना तो पडला. कमरेच्या सांध्याला मार बसला आणि एक पाय जन्मभर अधू राहिला. तरी त्याचे हिंडणे थांबले नाही. पक्ष्यांच्या आवाजाची तो हुबेहूब नक्कल करी. हीच नक्कल पुढे कामी आली. लंडनच्या कॅसेल या प्रकाशनसंस्थेतील एक गृहस्थ त्या भागात शिकारीला आले होते. अधू पायाच्या या तरुणाची कला पाहून ते चकित झाले. १८८२ साली रिचर्डला त्यांच्या कचेरीत नोकरी मिळाली. पुढे धाकटा भाऊ चेरी हाही तेथेच कामाला लागला.

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे हाती बंदूक, अशीच रीत होती. मारलेल्या पक्ष्यात पेंढा भरत आणि त्यावरून चित्र काढत. घरट्यांतील अंडी पळवून त्यांचा संग्रह करण्याचा छंद तर कितीतरी लोकांना होता.

१० एप्रिल १८९२ रोजी दोघे भाऊ लंडनजवळच्या रानात फिरत होते. तेथे त्यांना थ्रश पक्ष्याचे घरटे दिसले. थ्रश म्हणजे आपल्या कस्तुराचा भाऊबंद. तिकडे तो बागेतही दिसतो. घरट्यात निळी, काळ्या ठिपक्यांची अंडी होती. चेरीने आपला कॅमेरा लावून छायाचित्र घेतले. अंडी घरट्यातच राहिली. ते छायाचित्र पाहून रिचर्ड यांच्या मनात आले, की असेच एक सबंध पुस्तक का करू नये?

हे काम सोपे नव्हते. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली लाकडी पेटी. एका काचेवर एकच छायाचित्र उमटे. वाऱ्याने फांदी हलली, की काच वाया. सुट्टीच्या दिवशी हे जड ओझे घेऊन दोघे भाऊ झाडांवर चढत, दोराला लोंबकळून कडे उतरत. १८९५ साली ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक निघाले. मजकूर रिचर्ड यांचा, छायाचित्रे चेरी यांची. निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनीच सजवलेले हे पहिले पुस्तक मानले जाते.

घरटे जागचे हलत नाही, पक्षी मात्र उडतो. म्हणून त्यांनी खोटे झाडाचे खोड केले, दगडांचे आडोसे रचले आणि शेवटी बैलाचे खरे कातडे सांगाड्यावर चढवून तो पोकळ बैल उभा केला. आत पाठ वाकवून, घाम गाळत तासन्‌तास उभे राहायचे. पक्ष्यांना वाटे, जनावर चरते आहे. मेंढीच्या कातड्याचीही अशीच एक लपण त्यांनी केली. मला तर या युक्तीपेक्षा त्यांच्या सबुरीचेच अधिक नवल वाटते.

पुढे चेरी आफ्रिकेत जाऊन सिंह आणि हत्ती यांचे चित्रपट काढू लागले. रिचर्ड आपल्याच देशातील साध्या पक्ष्यांत रमले. गावोगाव पडद्यावर चित्रे दाखवून त्यांनी व्याख्याने दिली. ८ फेब्रुवारी १९२८ रोजी ते वारले. थ्वेटजवळच्या मूकर गावातील जुन्या शाळेच्या भिंतीवर या दोन भावांच्या नावाच्या पाट्या बसवल्या आहेत.