केरूनाना छत्रे : जसे दिसले तसे नोंदणारे गणिती

विज्ञानाच्या अभ्यासाला आरंभ होतो तो मोजमापापासून. लांबी, वस्तुमान, काल, तापमान या राशी, त्यांची एकके, उपकरणाचे लघुतम माप, वाचनातील त्रुटी हे सारे वर्गात प्रथम शिकविले जाते आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना हा भाग रुक्ष वाटतो. प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी सांगितले जाणारे सुरक्षिततेचे नियमही त्यांना असेच वाटतात. परंतु महाराष्ट्रात आधुनिक गणित व पदार्थविज्ञान यांची शिकवण रुजविणाऱ्या एका थोर शिक्षकाचे आयुष्य याच रुक्ष वाटणाऱ्या कामात गेले. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे नाव. केरूनाना या नावाने ते सर्वांना परिचित होते.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळील नागाव येथे झाला. त्यांचे चुलते सदाशिव काशीनाथ छत्रे हे मराठी शालेय पुस्तकांच्या आरंभीच्या लेखकांपैकी एक होते. केरूनानांचे शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. तेथे बाळशास्त्री जांभेकर आणि प्रा. ऑर्लेबार यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. गणित व ज्योतिष या विषयांतील त्यांची गती पाहून, आजच्या दहावीच्या विद्यार्थ्याच्या वयात असतानाच, त्यांना मुंबईतील कुलाबा वेधशाळेत साहाय्यकाचे काम मिळाले. तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली होती. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध घेण्यास प्रारंभ झाला. त्या सुमारास जर्मनीतील गणिती गाउस यांच्या प्रेरणेने जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या वेळी एकाच क्षणी वेध घेऊ लागल्या होत्या. या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. धाग्याने टांगलेला एक चुंबक, तो किती वळला हे दाखविणारी मोजपट्टी, जवळ घड्याळ आणि समोर नोंदवही, इतकाच सरंजाम असे. दिवस असो वा रात्र, पावसाळा असो वा उन्हाळा, ठरलेला ठोका पडला की निरीक्षकाने आकडा वाचून लिहावयाचा. मागील आकड्यापेक्षा नवा आकडा फार वेगळा आला म्हणून तो जुळवून घेण्याची मुभा नाही. वेळ चुकली तर अंदाजाने रकाना भरण्याचीही मुभा नाही. ज्या वयात मन चंचल असते त्या वयात केरूनानांना ही शिस्त लागली आणि पुढे जन्मभर टिकली.

अशा वेधशाळेतील नियम आजच्या प्रयोगशाळेतील नियमांचेच पूर्वज आहेत. चुंबकीय वेध घेणाऱ्याने खिशात लोखंडी किल्ली वा चाकू ठेवू नये, कारण तेवढ्यानेही सुई ढळते. वायुभारमापकातील पाऱ्याची उंची वाचताना डोळा पाऱ्याच्या पातळीशी समरेषेत हवा. वरून वा खालून पाहिल्यास आकडा बदलतो. काचेच्या नळीत पाऱ्याचा माथा मध्यभागी फुगीर असतो, म्हणून त्या फुगीर माथ्यापाशी वाचन करावयाचे. पाण्याचा पृष्ठभाग मात्र मध्यभागी खोल असतो, म्हणून तेथे तळाशी वाचावयाचे. उष्णतेने पारा प्रसरण पावतो, म्हणून वायुभाराबरोबर तापमानही लिहावयाचे. समुद्रसपाटीला पाऱ्याचा हा स्तंभ सुमारे ७६ सेंटीमीटर असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असलेल्या आपल्या देवळाली प्रवरा परिसरात तो त्याहून सुमारे चार सेंटीमीटरने कमी भरेल. यावरून आकड्यासोबत स्थळ, काळ आणि एकक लिहिणे का आवश्यक असते, हे ध्यानात येईल. नुसता ७२ हा आकडा काहीच सांगत नाही.

पाऱ्याविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तो चकाकणारा, घरंगळणारा द्रव मुलांना मोह घालतो. पण त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही आणि ती विषारी आहे. त्या काळी हे धोके आजच्याइतके परिचित नव्हते. आज तापमापक फुटून पारा सांडला तर त्याला हात लावू नये, तो झाडूने लोटू नये, खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी दूर व्हावे आणि ताबडतोब शिक्षकांना सांगावे. काच फुटली हे लपविणारा विद्यार्थी एका चुकीतून दुसरी, अधिक मोठी चूक करतो. कारण लपविलेला पारा खोलीतच राहतो. आकडा जसा आला तसा लिहिणे आणि अपघात जसा घडला तसा सांगणे या दोहोंमागील वृत्ती एकच आहे.

१८५१ च्या सुमारास केरूनाना पुण्यास आले. शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात, अभियांत्रिकीच्या वर्गात आणि पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी गणित व सृष्टिविज्ञान शिकविले. त्याच वर्षांत, त्याच पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी शाळा चालवीत होते. एकीकडे दुर्बिणी आणि वायुभारमापक येत होते, दुसरीकडे बहुसंख्य मुलांना पाटीला हात लावण्याचा अधिकारही नव्हता. केरूनानांच्या महाविद्यालयाचे दार त्या काळी आपल्या पणजोबांना उघडे नव्हते, हे सत्य त्यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही. पण मोजपट्टी ही वाचणाऱ्याची जात पाहत नाही. डोळा समरेषेत ठेवील त्याला ती खरा आकडा दाखविते. ते साधन आज आपल्या वसतिगृहातील मुलामुलींच्या हाती आले आहे, तेव्हा ते वापरण्याची शिस्तही आपली झाली पाहिजे.

शिक्षक म्हणून केरूनानांची कीर्ती मोठी होती. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. केरूनानांनी मराठीतून अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर शालेय पुस्तके लिहिली. विज्ञान शिकण्यासाठी प्रथम परकी भाषा शिकली पाहिजे अशी समजूत असताना त्यांनी हवा, पाऊस, भरती-ओहोटी, ग्रह-तारे हे विषय मराठी वाचकांपुढे मांडले. १८७७ साली सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली आणि १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काम मात्र पंचांगाचे होते. महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या १५२० सालच्या ग्रंथावरून तयार होत. गणेश दैवज्ञ हेही कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे, आणि आपल्या काळी त्यांनीही जुनी गणिते आकाशाशी पडताळूनच नवा ग्रंथ रचला होता. परंतु सुमारे साडेतीनशे वर्षांत सूक्ष्म त्रुटी साचत गेल्या. एखादे घड्याळ रोज एकच सेकंद मागे पडत असेल तर ते वर्षभरात सहा मिनिटांहून अधिक मागे पडते. ग्रहगणिताचेही तसेच झाले. गणिताने ग्रह एके ठिकाणी सांगावा आणि आकाशात तो दुसरीकडे दिसावा, असे होऊ लागले.

केरूनानांनी युरोपीय ग्रंथांतील नव्या वेधांवर आधारलेली ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक १८६० साली प्रसिद्ध केले. त्यानंतर आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. ते सर्वांनी लगेच स्वीकारले असे नव्हे. सण, तिथी आणि मुहूर्त यांच्याशी लोकांच्या श्रद्धा जोडलेल्या होत्या. रूढ पंचांगात बदल करणे अनेकांना मानवेना. फार थोड्या लोकांनी ते वापरले. तरीही केरूनानांनी आपले आकडे लोकमताप्रमाणे वाकविले नाहीत. पंचांगातील शुभाशुभ कोणी मानावे वा न मानावे. परंतु ग्रह कोठे आहे हा श्रद्धेचा प्रश्न नसून वेधाचा प्रश्न आहे, ही दृष्टी त्यांनी महाराष्ट्राला दिली. पोथी आणि आकाश यांत भेद पडला तर पोथी दुरुस्त करावयाची, हा त्यांच्या कामाचा सारांश आहे.

सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांचा संबंध हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या संदर्भात विद्यार्थ्यांनी एक नियम कायमचा लक्षात ठेवावा. दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंगाने एकवटलेले ऊन जसा कागद जाळते तसाच तो डोळ्याचा पडदा जाळतो, आणि त्या वेळी वेदनाही जाणवत नाही. सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून ती पाहणे ही सुरक्षित रीत आहे, आणि तीही शिक्षकांच्या देखरेखीखालीच. जिज्ञासा कितीही मोठी असली तरी डोळे दोनच आहेत.

१९ मार्च १८८४ रोजी केरूनानांचे निधन झाले. त्यांनी ज्या वेधशाळेत उमेदवारी केली तिची पुढील हकिकत त्यांच्या कामाचे मोल सांगते. २ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. केरूनाना तेव्हा पुण्यात होते. पण कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीच्या रीतीप्रमाणे आकडे वाचले आणि लिहिले. ते आकडे विश्वास बसू नये इतके खाली गेले होते. सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी ती घसरण होती. कोणी ते चुकीचे समजून खोडले नाहीत. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी याच नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता ठरविली. उपग्रह आणि वीजपुरवठा यांना अशा वादळापासून किती धोका आहे, याचा विचार करताना आज ती नोंद जगभर वापरली जाते. ती लिहिणाऱ्यांना हे कधीच कळले नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय वेध बिघडतील म्हणून १९०४ साली ते काम अलिबाग येथे नेण्यात आले. तेथील वास्तू चुंबकीय परिणाम न करणाऱ्या दगडाची बांधली गेली. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा. अशा रीतीने केरूनानांनी तरुणपणी शिकलेले काम त्यांच्या जन्मगावाशेजारी येऊन स्थिरावले आणि ते अद्याप चालू आहे.

आपला राहुरी तालुका पर्जन्यछायेतला. येथे पावसाचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हे साधे गणित सातवीतील मूलही करू शकते. शाळेच्या मोकळ्या पटांगणात, झाडे व भिंती यांपासून दूर, एक पर्जन्यमापक ठेवावा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एका विद्यार्थ्याने तो वाचावा आणि दिनांक, वेळ, आकडा व आपले नाव वहीत लिहावे. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे; रकाना रिकामा ठेवू नये, कारण शून्य म्हणजे पाऊस नाही आणि रिकामा रकाना म्हणजे कोणी पाहिले नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्त आकडा लिहावा, खाडाखोड करू नये. एक तुकडी शाळा सोडून गेली की पुढच्या तुकडीने ती वही हाती घ्यावी. केरूनाना छत्रे यांचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग दुसरा नाही.