मधुसूदन दास : कटकचे ख्रिस्ती वकील

ओडिशा प्रांतात दरवर्षी २८ एप्रिल हा दिवस वकिलांचा दिवस म्हणून पाळला जातो. ज्यांच्या जन्मदिवसामुळे ही प्रथा पडली ते मधुसूदन दास हे ओडिया लोकांतील पहिले पदवीधर व पहिले वकील होत, आणि ते आपल्यासारखेच बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले गृहस्थ होते, हे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फारसे कोणास ठाऊक नाही. ओडिशात मात्र लहान मूलही त्यांस मधुबाबू ह्या नावाने ओळखते. जो ख्रिस्ती झाला तो घरादाराचा राहिला नाही व आपल्या लोकांचाही राहिला नाही, असा बोल आमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला आहे. त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

मधुसूदन ह्यांचा जन्म १८४८ साली कटक जिल्ह्यातील सत्यभामापूर ह्या गावी एका जमीनदार करण कुटुंबात झाला. पित्याचे नाव रघुनाथ दास व मातेचे पार्वतीदेवी. गावच्या शाळेत व पुढे कटक येथे शिकून ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८६६ साली कलकत्त्यास गेले. हेच वर्ष ओडिशाच्या महादुष्काळाचे. त्यात सुमारे दहा लक्ष माणसे अन्नावाचून व रोगाने मेली, असे सांगतात. आपला प्रांत असा उजाड होत असता हा अठरा वर्षांचा तरुण परक्या शहरात शिकवण्या करून पोट भरीत होता व अभ्यास करीत होता. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी एक पुढे सर आशुतोष मुखर्जी ह्या नावाने हायकोर्टाचे न्यायाधीश व कलकत्ता विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले.

१८६८ साली मधुसूदन ह्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी ह्याचा अर्थ काय होता हे आमच्या वृद्ध वाचकांस सांगावयास नको. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या मनुष्याचा वारसाहक्क बुडत नसे, हे खरे. परंतु घरातील त्याचे ताट वेगळे होई, आणि ते पुन्हा पंक्तीस मांडण्याचे सामर्थ्य कोणत्याही कायद्यात नव्हते. जातभाई व आप्त ह्यांनी मधुसूदनांस बहिष्कृत मानले. त्यांनी कलकत्त्यासच राहून १८७० साली बी. ए., १८७३ साली एम. ए. व १८७८ साली बी. एल. ह्या पदव्या मिळविल्या. सौदामिनी नावाच्या बंगाली ख्रिस्ती स्त्रीशी त्यांचा विवाह झाला होता. परंतु थोड्याच वर्षांत ती मृत्यू पावली. मूलबाळ नव्हते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

कलकत्त्यात राहून त्यांस धन व मान दोन्ही मिळाली असती. तरी १८८१ साली ते कटकास परत आले. ज्या लोकांनी त्यांस दूर केले त्यांच्यातच त्यांनी आपली वकिली मांडली. आमच्या मते त्यांच्या सर्व चरित्रातील मोठे पाऊल हेच होय.

वकिलीतील त्यांची एक गोष्ट आमच्या काही वाचकांस विचित्र वाटेल. पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व्यवस्था तेथील राजघराण्याकडे असे. राजास काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर आणि गादीचा वारस अल्पवयी असता राणी सूर्यमणी पाटमहादेई ह्या कारभार पाहत होत्या, व सरकार तो कारभार त्यांच्या हातून काढून घेऊ पाहत होते. तेव्हा राणीची बाजू मधुबाबूंनी घेतली, आणि कलकत्ता हायकोर्टात राणीस यश आले. ख्रिस्ती मनुष्याने मूर्तीच्या मंदिरासाठी का भांडावे? परंतु मिशनरी लोकांनीच पूर्वी कित्येक वर्षे अशी खटपट केली होती की, सरकारने ह्या मंदिराच्या कारभारात हात घालू नये. शिवाय वाद मूर्तीविषयी नव्हता, एका स्त्रीच्या हक्काविषयी होता. मधुबाबू स्वतः त्या मंदिराचे उपासक नव्हते. ज्या लोकांनी त्यांस वाळीत टाकले होते त्यांच्याच राणीस न्याय मिळवून देताना त्यांनी आपला धर्म लपविला नाही, की आपल्या वाळीचा हिशोबही मागितला नाही.

त्या काळी ओडिया बोलणारे लोक बंगाल, मद्रास व मध्यप्रांत अशा तीन सरकारांखाली विभागलेले होते. १८९५ साली मध्यप्रांत सरकारने, ज्याची राजधानी आमचे नागपूर होती, संबळपूरच्या कचेऱ्यांतून ओडिया काढून हिंदी चालविण्याचा हुकूम केला. ज्या रयतेस आपल्याच फिर्यादीचा कागद वाचता येत नाही, तिचे कचेरीत काय होते हे खेड्यातील मनुष्य चांगले जाणतो. ह्या हुकुमाविरुद्ध झगडणाऱ्यांत मधुबाबू पुढे होते. पुढे तो हुकूम फिरला, आणि १९०५ साली संबळपूर ओडिशास जोडले गेले. १९०३ च्या डिसेंबरात त्यांनी कटक येथे उत्कल संमेलनी भरविली; तीत राजे, जमीनदार व सामान्य लोक सर्व धर्मांचे व जातींचे मिळून बसले. वाळीत पडलेल्या ख्रिस्ती वकिलाने बोलाविले आणि मयूरभंजच्या महाराजांनी अध्यक्षस्थान घेतले!

आता त्यांच्या घराविषयी. मूलबाळ नसलेल्या ह्या विधुराचे घर रिकामे राहिले नाही. कलकत्त्यातील आपले मित्र अंबिकाचरण हाजरा ह्यांची कन्या शैलबाला हिला त्यांनी दत्तक घेऊन दास हे आपले नाव दिले. दत्तक घ्यावयाचा तो मुलगा, वंश चालावा म्हणून, हीच आमच्या देशाची रीत. मधुबाबूंनी मुलगी घेतली, व तिला मुलाप्रमाणे शिकविली. १९०६ साली ती शिक्षणासाठी इंग्लंडास गेली, आणि परत येऊन तिने ओडिशातील मुलींच्या शिक्षणास वाहून घेतले. तिची धाकटी बहीण सुधांशुबाला हिलाही ह्याच घराचा आधार होता. ती कायद्याची पदवी घेऊन वकिलीची सनद मागू लागली. पाटणा हायकोर्टाने १९२१ साली असे ठरविले की, कायद्यातील शब्दांत स्त्रियांचा समावेश होत नाही. ह्या प्रकरणात मधुबाबू तिच्या पाठीशी उभे राहिले. स्वतः आपल्या प्रांतातील पहिले वकील झालेल्या ह्या गृहस्थास, आपल्या घरची मुलगी त्याच दाराबाहेर उभी राहावी हे सहन होणारे नव्हते. त्याच वर्षी अलाहाबादेस कॉर्नेलिया सोराबजी ह्यांस सनद मिळाली. ह्या नाशिकास जन्मलेल्या, व त्यांचे आईबाप पुण्यातील आमच्या ख्रिस्ती लोकांच्या परिचयाचे. अखेर १९२३ साली कायदाच बदलला, आणि हिंदुस्थानातील सर्व कोर्टांचे दार स्त्रियांस उघडले.

सख्ख्या भावंडांचा धागाही तुटला नाही. धाकटे बंधू गोपालवल्लभ दास हे सरकारी अधिकारी व ओडिया कादंबरीकार होते. त्यांची कन्या रमादेवी ही पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत प्रसिद्ध झाली. चुलत्याने जसे आपल्या प्रांतासाठी, तसे पुतणीने देशासाठी श्रम केले.

त्यांच्या कारखान्यांची हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस जवळची वाटेल. कटकचे सोनार चांदीच्या तारेचे जे नाजूक काम करितात, ज्यास तारकशी म्हणतात, ते लयास जात आहे असे पाहून मधुबाबूंनी १८९७ साली त्यासाठी कारखाना काढला. पुढे १९०५ साली त्यांनी कातडी कमावण्याचा व जोडे करण्याचा कारखाना उघडला, त्याचे नाव उत्कल टॅनरी. उंच कुळात जन्मलेला, हायकोर्टात बोलणारा मनुष्य कातड्याच्या कुंडाजवळ उभा राहतो, हे त्या वेळी लोकांस अघटित वाटले असेल. आमच्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी हेच काम केले आणि त्यासाठीच शिव्या खाल्ल्या. ज्या हातांच्या कसबावर सर्वांनी पायांत घालावयाचे, त्या हातांस विटाळ मानावे, ही गोष्ट मधुबाबूंनी मान्य केली नाही. १९२५ साली त्यांच्या निमंत्रणावरून गांधीजी कटकास आले असता त्यांनीही हा कारखाना पाहिला.

परंतु कारखाना चालला नाही. मधुबाबू उत्तम वकील होते, तसे उत्तम व्यापारी नव्हते, असे म्हणणे भाग आहे. माल चांगला, पण कर्ज वाढत गेले. वकिलीत आयुष्यभर मिळविलेला पैसा बहुतेक त्यात गेला, आणि म्हातारपणी त्यांच्यावर नादारीची पाळी आली. दुसऱ्यांचे धंदे उभे करू पाहणाऱ्यास स्वतःचा धंदा सांभाळता येऊ नये ही खेदाची गोष्ट खरी, व ती लपविण्याचे आम्हांस कारण नाही.

ह्यापूर्वी १९२१ साली ते बिहार व ओडिशा प्रांताचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले होते. गावोगावच्या नगरपालिका व लोकल बोर्डे ह्यांत सभासद फुकट काम करितात, तर त्यांच्यावरील मंत्र्याने मोठा पगार घ्यावा हे त्यांस योग्य दिसेना. मंत्रीपद बिनपगारी करावे, म्हणजे आपण वकिली करून पोट भरू, असे त्यांनी गव्हर्नरसाहेबांस कळविले. ते मान्य झाले नाही, तेव्हा १९२३ साली त्यांनी राजीनामा दिला. कर्ज डोक्यावर असता मोठ्या पगाराची जागा सोडणारे त्या वेळी किती होते!

४ फेब्रुवारी १९३४ रोजी कटक येथे त्यांस देवाज्ञा झाली. सर्व ओडिया लोकांचा एक प्रांत व्हावा म्हणून त्यांनी तीस वर्षे श्रम केले होते; तो प्रांत १ एप्रिल १९३६ रोजी झाला, म्हणजे त्यांच्या मागून दोन वर्षांनी. शैलबाला पुढे १९५२ साली राज्यसभेच्या सभासद झाल्या. कटकातील त्या विधुराचे घर मुलींच्या महाविद्यालयास मिळाले, आणि त्या महाविद्यालयास नाव आहे ते त्या दत्तक कन्येचे.