विश्लेषण : स्कूबा डायव्हिंगचे नियम आले कुठून? झाक कुस्तो आणि त्यांच्या दोन मित्रांची गोष्ट

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चार मित्रांनी मिळून अंदमानला जायचे आणि एकदा तरी समुद्राच्या पोटात उतरून पाहायचे, असे बेत आता बुलढाणा, खामगाव, चिखलीतही आखले जातात. जिल्ह्याला समुद्र नाही. इथल्या अनेकांचे पोहणे शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलेले. त्यामुळे पहिल्या डाइव्हपूर्वी प्रशिक्षक जे सांगतात, ते नवखे वाटते. श्वास रोखू नका, ठरलेल्या खोलीच्या खाली जाऊ नका, एकटे राहू नका, कशालाही हात लावू नका. हे नियम केवळ पुस्तकात बसून ठरवलेले नाहीत. त्यांतले काही धडे सुमारे 80 वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावर तीन मित्रांनी जिवावर उदार होऊन गिरवले. त्यांतले एक होते झाक कुस्तो.

झाक कुस्तो कोण होते?

झाक-ईव्ह कुस्तो यांचा जन्म 11 जून 1910 रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सें-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. वडील एका अमेरिकी उद्योगपतीकडे नोकरीला असल्याने कुटुंबाचा मुक्काम सतत हलत असे. काही काळ ते अमेरिकेतही राहिले. तिथल्या एका उन्हाळी शिबिरात तलावाच्या तळाशी अडकलेल्या फांद्या काढण्याचे काम लहानग्या झाककडे आले. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून वावरण्याची ती सुरुवात होती. किशोरवयात त्यांच्या हाती चित्रपटाचा कॅमेरा आला. पाणी आणि कॅमेरा या दोन्हींनी पुढे आयुष्यभर साथ दिली.

1930 मध्ये ते फ्रेंच नौदलाच्या अकादमीत दाखल झाले. त्यांना नौदलाचे वैमानिक व्हायचे होते. मात्र प्रशिक्षणाच्या काळातच रात्रीच्या वेळी मोटारीचा भीषण अपघात झाला आणि त्यांच्या हातांची हाडे मोडली. वैमानिक होण्याची वाट कायमची बंद झाली. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून त्यांनी तुलाँ बंदराजवळच्या समुद्रात रोज पोहायला सुरुवात केली.

तीन मित्र एकत्र कसे आले?

तुलाँमध्ये फिलिप ताय्ये हे नौदल अधिकारी कुस्तो यांचे सहकारी होते. 1936 मध्ये त्यांनी कुस्तो यांना पाण्यात घालायचा साधा चष्मा दिला. तो लावून कुस्तो यांनी समुद्रात डोके घातले आणि एरवी हिरवट, धूसर दिसणारे पाणी एकदम स्वच्छ झाले. खडक, वनस्पती, मासे असे सारे जग तिथे होते. पुढे फ्रेदेरिक द्युमा हा भाल्याने मासे मारण्यात तरबेज असलेला तरुण त्यांना येऊन मिळाला. तिघांची जोडी जमली ती कायमची.

दम धरून मारलेल्या बुडीत मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. त्या काळच्या जड पोशाखातल्या पाणबुड्यांना हवेसाठी वरून नळी लागायची. त्याच देशातल्या ईव्ह ल प्रियर यांनी 1920 च्या दशकात पाठीवरच्या सिलिंडरचे उपकरण बनवले होते. पण त्यात हवा एकसारखी वाहून वाया जाई. माशासारखे मोकळे फिरता येईल असे काही तरी या तिघांना हवे होते.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, तो का?

स्कूबाच्या टाकीला बोलीभाषेत सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात पर्यटकांच्या टाकीत साधी, स्वच्छ हवा दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात जीव घेऊ शकतो, हे कुस्तो यांनी स्वतः अनुभवले. महायुद्धापूर्वी त्यांनी ऑक्सिजनवर चालणारे उपकरण लावून बुडी मारली. काही मीटर खाली जाताच त्यांना झटके आले आणि शुद्ध हरपू लागली. उपकरणात बदल करून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा ते थोडक्यात वाचले. पाण्याच्या दाबाखाली ऑक्सिजन मेंदूवर विषासारखा परिणाम करतो. त्यानंतर कुस्तो दाबलेल्या हवेकडे वळले.

अ‍ॅक्वालंगचा शोध कसा लागला?

कुस्तो यांचा 1937 मध्ये सिमोन मेल्शिओर यांच्याशी विवाह झाला होता. सिमोन यांचे वडील ‘एअर लिक्विड’ या वायू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत वरिष्ठ पदावर होते. त्यांच्या ओळखीने 1942 च्या अखेरीस कुस्तो पॅरिसमध्ये त्याच कंपनीतील अभियंता एमिल गान्यां यांना भेटले. फ्रान्स तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता, पेट्रोल मिळत नव्हते. मोटारी पर्यायी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी एक झडप तयार केली होती. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस ती सोडत असे. माणसाच्या श्वासालाही हेच हवे होते.

पहिली चाचणी पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली आणि फसली. कुस्तो आडवे असताना हवा नीट येई. उभे राहिले की वाया जाई, डोके खाली केले की अडे. हवा आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे तोंड वेगवेगळ्या पातळीवर असल्याने हा घोळ होत होता. दोन्ही तोंडे एकाच पातळीवर आणल्यावर अडचण सुटली.

जून 1943 मध्ये बांदोल गावाजवळच्या समुद्रात कुस्तो नवे उपकरण लावून उतरले. ताय्ये सोबत होते. सिमोन पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत खाली नजर ठेवून होत्या आणि द्युमा किनाऱ्यावर मदतीसाठी सज्ज होते. उपकरण बनवणारा माणूसही एकटा पाण्यात गेला नव्हता. आजच्या प्रत्येक डाइव्हमध्ये सक्तीची असलेली जोडीदाराची पद्धत याहून वेगळी नाही. त्या उन्हाळ्यात तिघांनी शेकडो बुड्या मारल्या. हे उपकरण पुढे ‘अ‍ॅक्वालंग’ नावाने जगभर गेले.

विहिरीतली सवय समुद्रात का चालत नाही?

विहिरीत सूर मारून तळाचा दगड आणणारा मुलगा श्वास छातीत कोंडून खाली जातो आणि तसाच वर येतो. तिथे हे चालते, कारण त्याने हवा वरच घेतलेली असते. स्कूबात हवा खाली, दाबाखाली घेतली जाते. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. गान्यां-कुस्तो यांची झडप, म्हणजे आजचा रेग्युलेटर, भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देते. 10 मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट होते. श्वास रोखून वर आल्यास ती फुप्फुसे फाडू शकते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही आणि सावकाश वर यायचे, हा पहिला नियम आहे. चांगल्या पोहणाऱ्यांनी तो जास्त लक्षात ठेवायला हवा, कारण त्यांची सवय नेमकी उलटी असते.

विहिरीत कानात दडे बसतात, तेही दाबामुळेच. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलत, दुखण्याच्या आधीच कान मोकळे करत जावे लागते. सर्दी झालेली असेल तर हे जमत नाही, म्हणून त्या दिवशी डाइव्ह टाळावी लागते.

मित्रांना काय किंमत मोजावी लागली?

युद्ध संपल्यावर कुस्तो, ताय्ये आणि द्युमा यांनी तुलाँमध्ये नौदलासाठी पाण्याखालील संशोधनाचे पथक उभारले. ऑगस्ट 1946 मध्ये कुस्तो आणि द्युमा फ्रान्समधील व्होक्ल्यूझ येथील खोल झऱ्याच्या गुहेत उतरले. आत दोघांचेही भान सुटत गेले. दोरीच्या आधाराने ते कसेबसे बाहेर आले. नंतर उलगडा झाला, की टाक्या भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. टाक्यांत कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा भरली गेली होती. टाक्या कुठे आणि कशा भरल्या जातात, हे डाइव्ह केंद्राला विचारणे पर्यटकाचा हक्क का आहे, ते या घटनेवरून कळते.

पुढच्याच वर्षी पथकावर मोठा आघात झाला. हवेतला नायट्रोजन खोलवर गेल्यावर मेंदूला गुंगी आणतो, याचा अनुभव या मंडळींनी घेतला होता. ही नशा सुखद वाटते, म्हणूनच घातक. साध्या हवेवर माणूस किती खोल जाऊ शकतो, हे पाहण्यासाठी सप्टेंबर 1947 मध्ये चाचण्या सुरू झाल्या. पथकातील अनुभवी पाणबुडे मोरिस फार्ग दोरी धरून सुमारे 120 मीटरपर्यंत गेले. तिथून त्यांच्या दोरीचे इशारे थांबले. वर ओढून आणले तेव्हा श्वासाची नळी तोंडातून निसटलेली होती. त्यांना वाचवण्याचे सर्व प्रयत्न व्यर्थ गेले.

पहिल्यांदा उतरणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक सोबत असतानाही सर्वसाधारणपणे 12 मीटरच्या खाली नेले जात नाही. ही मर्यादा भित्रेपणाची नाही. आणखी थोडे खाली जाऊ, असे मित्रांमध्ये वाटू लागते तेव्हा फार्ग यांची आठवण ठेवायला हवी.

प्रसिद्धी कशी मिळाली?

1950 मध्ये एका धनिक इंग्रजाने युद्धात सुरुंग काढण्यासाठी वापरलेली जुनी बोट कुस्तो यांना वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिली. तिचे नाव कॅलिप्सो. ती सज्ज करण्यासाठी सिमोन यांनी दागिने मोडले. पुढची अनेक वर्षे त्यांनी बोटीवरच संसार केला. पडद्यावर मात्र त्या क्वचितच दिसल्या. 

1953 मध्ये कुस्तो आणि द्युमा यांचे ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक आले. त्याच नावाच्या चित्रपटाला 1956 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ऑस्करही. 1960 च्या दशकात कुस्तो यांनी समुद्राच्या तळाशी घरे बांधून माणसे तिथे ठेवून दाखवली. सुदानच्या किनाऱ्याजवळ तांबड्या समुद्रात 1963 मध्ये त्यांचे सहकारी महिनाभर 10 मीटर खोल राहिले. 1968 पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे लाल लोकरी टोपीतला हा कृश माणूस घराघरात पोहोचला. पुढे कॅलिप्सोच्या चमूने अंदमानच्या समुद्रावरही माहितीपट केला.

प्रवाळ उडवणारा माणूस समुद्राचा राखणदार कसा झाला?

ज्या चित्रपटाने कुस्तो यांना कीर्ती दिली, त्यातच आज पाहवत नाहीत अशी दृश्ये आहेत. माशांची मोजदाद करण्यासाठी चमूने प्रवाळाच्या भागात डायनामाइटचा स्फोट केला. बोटीच्या पंख्याने जखमी झालेल्या व्हेलच्या पिलावर तुटून पडलेले शार्क मासे रागाच्या भरात मारले. समुद्र अथांग आहे, तिथले काही संपणार नाही, अशीच तेव्हाची समजूत होती.

मात्र कुस्तो त्याच त्याच ठिकाणी पुन्हा उतरत राहिले. भूमध्य समुद्रात पूर्वी गजबजलेल्या जागा ओस पडत गेल्याचे त्यांनी पाहिले. 1960 मध्ये अणुकचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या बेताला त्यांनी जाहीर विरोध केला. 1973 मध्ये समुद्ररक्षणासाठी स्वतःच्या नावाची संस्था काढली. अंटार्क्टिकातील खनिज उत्खननाविरुद्ध त्यांनी उभ्या केलेल्या मोहिमेला लाखो सह्या मिळाल्या. 1991 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तिथल्या खाणकामावर बंदी आली.

अखेरची वर्षे कशी गेली?

शेवटची वर्षे आघातांची होती. 1979 मध्ये धाकटा मुलगा फिलिप पोर्तुगालमध्ये विमान अपघातात गेला. 1990 मध्ये सिमोन गेल्या. जानेवारी 1996 मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जच्या धडकेने कॅलिप्सो बुडाली. 25 जून 1997 रोजी पॅरिसमध्ये वयाच्या 87 व्या वर्षी कुस्तो यांचे निधन झाले. त्यांना जन्मगावीच दफन करण्यात आले.

बुलढाण्याहून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

जवळचे ठिकाण म्हणजे सिंधुदुर्गातील तारकर्ली-मालवण. तिथे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात तिथले डायव्हिंग बंद असते. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, हे मुख्य ठिकाण. प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या डाइव्हसाठी पोहता येणे बहुतेक ठिकाणी सक्तीचे नसते. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे मात्र आरोग्य अर्जात लपवायचे नाही.

बेत आखताना परतीचा दिवस आधी ठरवावा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1908 मध्येच मांडले होते. त्यामुळे एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा, अशी शिफारस आहे. अंदमानचा शेवटचा दिवस म्हणूनच कोरडा ठेवावा. तारकर्लीहून गाडीने लगेच घाट चढून कोल्हापूरकडे निघायचे असेल, तर तेही प्रशिक्षकाला आधी सांगावे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि धोका तोच असतो.

राहिला शेवटचा नियम, हात न लावण्याचा. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. आठवण म्हणून तुकडा आणणेही गुन्हा ठरते. समुद्राचे पाणी तापल्याने 2024 मध्ये लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. कुस्तो यांना ही नासाडी उमगायला आयुष्याची काही दशके लागली. आज पहिल्यांदा उतरणाऱ्याला ती उतरण्याआधीच माहीत असते.