रक्तसाक्ष्यांचा सोबती : बंधु जॉर्डन

हर्ण्याच्या बंदरावर उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे डाव्या हातास सुवर्णदुर्ग दिसतो. ह्याच किनाऱ्याच्या कडेनें बाणकोट, जंजिरा, चौल हीं ठिकाणें मागें टाकीत गेलेली होडी शेवटीं ठाण्याच्या खाडींत शिरते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे मिशनरी १८२३ सालीं बाणकोट व हर्णे येथें काम करूं लागले, ही गोष्ट वाचकांपैकीं पुष्कळांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. त्यावरून कोंकणच्या किनाऱ्यास ख्रिस्ताचें नांव तेव्हांच प्रथम कळलें असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. त्याच्या पूर्वीं पांचशें वर्षें ह्याच किनाऱ्यावर, ठाणें व सोपारें ह्यांच्या दरम्यान, एक परदेशी सुवार्तिक आपल्या हरवलेल्या चार सोबत्यांचा शोध करीत आला होता. त्याचें नांव जॉर्डन.

जॉर्डन हा फ्रान्स देशाच्या दक्षिण भागांतील सेव्हेराक गांवचा. तो डॉमिनिकन संघाचा संन्यासी असून इराणांत राहिल्यामुळें त्यास फारसी भाषा चांगली येत असे. इराणांतून तो हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हां फ्रान्सिस्कन संघाचे चौघे त्याच्याबरोबर होते. त्यांत वडील इटलींतील टोलेंतिनो गांवचा थॉमस. हा अनेक वर्षें आर्मेनियांत राहिलेला. चीन देशांत एकाकी काम करणाऱ्या माँतेकोर्विनोच्या जॉननें मदत मागण्यासाठीं लिहिलेलें पत्र पोपाकडे पोंचविण्याचें काम १३०७ सालीं ह्यानेंच केलें होतें. आतां आपण स्वतः चीनला जावें असें त्याच्या मनांत होतें. दुसरा पादुआचा याकोब, तिसरा सिएनाचा पेत्र, आणि चौथा तिफ्लिस शहरचा देमेत्रियस. हा चौथा उपदेशक नव्हे; त्यास भाषा येत म्हणून दुभाष्याचें काम त्याजकडे असे. दोन निरनिराळ्या संघांचीं हीं माणसें एका तारवांत एकत्र आलीं. त्या काळीं ह्या दोन संघांत चुरस असे, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या सोबतीचें मोल अधिक वाटेल.

होर्मुझ बंदराहून निघतांना त्यांस मलबारांतील कोल्लम गांठावयाचें होतें. पण वारा व तारू ह्यांनीं त्यांस ठाण्यास आणून सोडलें. हा १३२१ सालचा आरंभ. ठाणें तेव्हां दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखालीं असून तेथें एक मलिक कारभार पाही व एक काजी न्याय देई. गांवांत ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं. हे लोक नेस्टोरियन मंडळीचे. पाहुण्यांस त्यांच्याच एका घरीं उतरावयास जागा मिळाली.

पुढें असें कळलें कीं, भडोचेच्या बाजूस कांहीं लोक नांवाचे ख्रिस्ती आहेत, परंतु त्यांस शिकविणारा किंवा बाप्तिस्मा देणारा कोणी नाहीं. तिकडे कोणी जावें ह्याचा विचार झाला. चौघांपेक्षां जॉर्डनास फारसी अधिक येत असे. म्हणून सर्वांच्या आग्रहावरून तोच निघाला आणि प्रथम सोपाऱ्यास गेला. (सोपारें म्हणजे वसईजवळचें नालासोपारें. प्राचीन काळीं तें मोठें बंदर होतें, आणि अशोक राजाचा शिलालेखही तेथें सांपडला आहे.) ठाण्याहून तें एका दिवसाच्या वाटेवर. थोड्या दिवसांत परत भेटूं अशा समजुतीनें ते एकमेकांस सोडून गेले असतील.

ह्यानंतर जें घडलें त्याचें निमित्त अगदीं क्षुल्लक होतें. ज्या घरीं पाहुणे उतरले होते त्या घरच्या नवराबायकोचें भांडण झालें व नवऱ्यानें बायकोस मारलें. ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण असें विचारतां, घरीं चार फिरंगी साधू आहेत, त्यांनीं पाहिलें, असें तिनें सांगितलें. काजीजवळ अलेक्झांड्रियाचा एक मनुष्य बसला होता. हे लोक विद्वान् आहेत, त्यांस बोलावून धर्माविषयीं वाद करावा, असें त्यानें सुचविलें. पेत्र सामानावर लक्ष ठेवण्यासाठीं घरीं राहिला. थॉमस, याकोब व देमेत्रियस हे तिघे गेले. घरगुती मारहाणीची साक्ष बाजूस राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला. त्यांच्या पैगंबराविषयीं तुमचें मत काय, असें पुन्हां पुन्हां विचारल्यावर थॉमसानें अतिशय कठोर शब्द काढले. ते येथें देण्याचें कारण नाहीं. ते काढावयास नको होते असें आम्हांस वाटतें. परंतु तो म्हातारा मनुष्य कोंडींत सांपडला होता हेंही विसरतां येत नाहीं.

जमाव खवळला. तिघांस बांधून सकाळच्या तिसऱ्या तासापासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे नऊपासून तीन वाजेपर्यंत, उन्हांत उभें केलें. एप्रिल महिन्यांतील ठाण्याचें ऊन ज्यांनीं सोसलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको. नंतर याकोबास आगींत टाकण्यांत आलें, आणि तो दोन वेळां न भाजतां बाहेर आला, असा त्या काळचा वृत्तान्त आहे. तें कसें झालें तें देव जाणे. पण त्यामुळें पाहणाऱ्या लोकांचें मन पालटलें एवढें खरें. मलिकानेंच त्यांस सोडून दिलें, आणि येथें तुमच्या जिवास धोका आहे, लवकर निघून जा, असें सांगून खाडीपलीकडे पोंचविलें. काजी मात्र गप्प बसला नाहीं. त्यानें मलिकाचें मन वळविलें आणि रात्रीं हत्यारबंद माणसें खाडीपार गेलीं. आम्ही हें खुशीनें करीत नाहीं, पण हुकूम मोडिला तर आमचीं बायकामुलें मरतील, अशा अर्थाचें ते बोलले म्हणतात. ९ एप्रिल १३२१, झावळ्यांच्या रविवारापूर्वींचा गुरुवार, ह्या दिवशीं थॉमस, याकोब व देमेत्रियस ह्यांचा वध झाला. घरीं राहिलेला पेत्र मागाहून सांपडला. त्यास प्रथम लालूच दाखविली, मग झाडास टांगिलें, आणि ११ तारखेस शनिवारीं त्याचाही अंत केला.

ह्या सर्व वेळीं जॉर्डन सोपाऱ्याच्या बाजूस होता. सोबत्यांस धरल्याची बातमी त्यास कळली, तेव्हां तो मागें फिरला. मग ते मारले गेल्याचेंही कळलें. वाचकांनीं त्याच्या स्थितीचा विचार करावा. भडोचेचा रस्ता पुढें मोकळा होता. ज्या कामासाठीं त्यास पाठविलें तें अद्याप व्हावयाचें होतें, आणि तिकडे गेला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. ठाण्यांत ओळखीचीं घरें पंधरा, आणि तींही भयानें गांगरून गेलेलीं. चौघांचा जसा परदेशी चेहरा, तसाच त्याचाही. रस्त्यावरच्या लहान मुलानें देखील त्यास ओळखलें असतें. शिवाय तो गेल्यानें कोणी जिवंत होणार नव्हतें. तरीही तो ठाण्याकडे वळला. सोबत्यांच्या प्रीतीनें आपण तिकडे बांधले गेलों होतों, एवढेंच कारण त्यानें पुढें आपल्या पत्रांत दिलें आहे.

त्याच्या मदतीस जिनोवा शहरचा एक तरुण मिळाला. ह्या तरुणाचें नांवगांव राहिलें नाहीं. शवें उघड्यावर पडलीं होतीं. ओडोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन प्रवासी थोड्याच काळानंतर ठाण्यास आला. तो म्हणतो कीं त्या देशांत प्रेतें पुरीत नसत, रानांत टाकीत, आणि हीं शवें चौदा दिवस उन्हांत पडून राहिलीं तरी नासलीं नाहींत. ह्या शेवटल्या गोष्टीवर ज्यानें त्यानें आपल्यापुरतें मत ठरवावें. आमचें लक्ष चौदा दिवसांकडे जातें. तितके दिवस ज्यांस कोणी हात लाविला नाहीं, त्यांस हात लावावयास जाणें म्हणजे मीही त्यांच्यांतलाच असें चवाठ्यावर सांगणें होय.

पेत्राविषयीं ओडोरिकानें निराळीच गोष्ट लिहून ठेविली आहे. त्यास मारल्यानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या देहाचा मागमूस लागला नाहीं. देवानेंच तो लपविला, असें तो सांगतो. ज्या माणसानें सर्वांचें सामान राखण्यासाठीं घरीं बसून राहणें पत्करिलें, त्याच्याच कबरेविषयीं असा घोटाळा राहावा ह्याचें वाईट वाटतें.

जॉर्डन व तो तरुण ह्यांनीं मिळालेले देह सोपाऱ्यास नेले आणि तेथील ख्रिस्ती मंदिरांत पुरले. कोणत्या वाटेनें, कोणत्या वेळीं, हें जॉर्डनानें लिहिलें नाहीं. स्वतःच्या धाडसाविषयीं तो फार थोडें बोलतो.

येथें एक गोष्ट सांगणें न्यायाचें आहे. ही बातमी दिल्लीस पोंचल्यावर सुलतानानें मलिकास बांधून नेलें, निरपराधी लोकांस कां मारलें ह्याचा जबाब विचारला आणि त्यास देहान्त शिक्षा दिली. काजी पळून गेला. मलिकानें त्याआधींच पश्चात्तापानें चौघांच्या नांवें चार मशिदी बांधविल्या होत्या, असेंही ओडोरिक म्हणतो. तेव्हां ह्या प्रकरणाचा सगळा दोष मुसलमान लोकांवर सरसकट टाकणें बरोबर नाहीं. आगीजवळ उभे राहून कळवळणारे लोकही त्याच गांवचे व त्याच धर्माचे होते.

ह्यानंतर जॉर्डन अडीच वर्षें एकटाच ह्या प्रदेशांत फिरला. १२ ऑक्टोबर १३२१ रोजीं काठेवाडांतील घोघें बंदरांतून त्यानें इराणांतील बंधूंस पहिलें पत्र पाठविलें, आणि जानेवारी १३२४ मध्यें ठाण्याहून दुसरें. दुसऱ्या पत्रांतील हाल वाचून मन हेलावतें. त्यास चांच्यांनीं धरलें, कैदेंत टाकलें, त्याजवर खोटे आरोप झाले. संघाचा झगा टाकून नुसत्या सदऱ्यानिशीं त्यास पुष्कळ दिवस हिंडावें लागलें. भूक, तहान, हिंवताप, रक्ताची हगवण, डोक्यांत व छातींत कळा. आणि ह्या सर्वांत भर म्हणजे ज्यांनीं पाठ राखावी त्या ख्रिस्ती लोकांतच त्याच्याविषयीं फूट पडली. आमच्या खेड्यांतील ज्या कॅटेकिस्ट बंधूंनीं एका लहान मंडळींत दोन तट पडलेले पाहिले आहेत, त्यांस शेवटचें दुःख पहिल्या सर्वांहून जड कां वाटतें तें समजेल. एवढें असूनही त्याच पत्रांत त्यानें कामाचा हिशेब दिला आहे : भडोच येथें नव्वद बाप्तिस्मे, ठाणें व सोपारें ह्यांच्या दरम्यान पस्तीस, आणि ह्यांशिवाय आणखी वीस. म्हणजे ज्या भडोचेस जाण्यासाठीं त्यानें सोबत्यांचा निरोप घेतला होता, तेथें तो शेवटीं पोंचला. पत्राचा मुख्य हेतु मात्र एकच, तो म्हणजे दुसरे बंधु पाठवा.

ओडोरिकानें सोपाऱ्याचीं हाडें उकरून सुंदर वस्त्रांत बांधलीं आणि समुद्रमार्गानें चीन देशांतील झैतून शहरीं आपल्या संघाच्या मठांत नेऊन ठेविलीं. वाटेंत वारा पडला असतां त्यांतील एक हाड समुद्रांत टाकतांच वारा सुटला, असें तो लिहितो. आम्हां प्रॉटेस्टंट लोकांस अशा गोष्टी मानवत नाहींत, व हाडांस मान देण्याची चालही आमच्यांत नाहीं. तथापि थॉमसास जिवंतपणीं जेथें जावयाचें होतें तेथें त्याचीं हाडें तरी पोंचलीं, हें वाचून थांबल्यावांचून राहवत नाहीं.

जॉर्डन पुढें युरोपांत परत गेला. आव्हिन्याँ येथें राहणाऱ्या पोप बाविसाव्या जॉननें १३२९ सालीं त्यास कोल्लमचा बिशप नेमलें, आणि १३३० सालीं मलबारांतील ख्रिस्ती लोकांच्या नांवें शिफारसपत्रें त्याजबरोबर दिलीं. त्यानें आश्चर्यकारक गोष्टींचें वर्णन म्हणून एक लहानसें लॅटिन पुस्तक लिहिलें तें आजही उपलब्ध आहे. कोंकणच्या मनुष्यानें तें वाचलें तर त्यास हंसूं येईल व आनंदही होईल. फणस एवढा मोठा कीं एक फळ पांच माणसांस पुरावें, आंब्याची गोडी, नारळाचें पाणी, तेल व काथ्या, ताडीमाडी, पारशी लोकांची प्रेतें उघड्यावर ठेवण्याची रीत, पतीबरोबर जळणाऱ्या स्त्रिया, हें सर्व त्यानें डोळ्यांनीं पाहिल्याप्रमाणें टिपून ठेविलें आहे. दोनशें किंवा तीनशें चांगले उपदेशक मिळाले तर ह्या देशांत दर वर्षीं हजारों लोक प्रभूकडे येतील, असाही त्याचा अंदाज त्यांत आहे. फणसाला त्यानें अनेक ओळी दिल्या आहेत. आपल्या चार सोबत्यांविषयीं मात्र, माझ्या काळीं चार फ्रान्सिस्कन बंधूंस येथें विश्वासासाठीं क्रूरपणें मारण्यांत आलें, एवढ्या अर्थाचें एकच वाक्य आहे, आणि तेंही इतर रक्तसाक्ष्यांच्या संख्येबरोबर जातां जातां घातलेलें.