विश्लेषण : मावळात आलेला दर्यासारंग, कान्होजी आंग्रे इंग्रजांना का आवरले नाहीत?

घोरावाडीहून लोणावळ्याची लोकल धरली की कामशेत सोडल्यावर मळवलीच्या आसपास डाव्या हाताला लोहगड दिसतो. इथून समुद्र बराच लांब. तरीही अरबी समुद्रावर हुकूम कोणाचा, याचा एक मोठा निर्णय याच मावळात झाला. त्याच्या केंद्रस्थानी होते कान्होजी आंग्रे.

आरमारप्रमुख मावळात कसे आले?

कान्होजींचा जन्म १६६९ चा. सुवर्णदुर्गावर नाव कमावून ते मराठी आरमाराचे सरखेल झाले. छत्रपतींच्या घरात सातारा आणि कोल्हापूर अशी फूट पडली, तेव्हा ते ताराबाईंच्या बाजूने होते. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले, लोहगड घेतला आणि साताऱ्याच्या रोखाने हालचाल सुरू केली.

मग पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले. मूळचे कोकणातले असल्याने त्यांना कान्होजींचे बळ ठाऊक होते. १७१४ मध्ये लोणावळ्याजवळ तह झाला. कान्होजींनी शाहूंना मान दिला, पिंगळ्यांना सोडले. बदल्यात सरखेलपद कायम राहिले आणि १० किल्ले व १६ लहान ठाणी मिळाली. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यातली मोठी नावे. हा तह फसला असता तर मराठ्यांचे आरमार मराठ्यांशीच लढत राहिले असते. इंग्रजांना आणखी काय हवे होते?

इंग्रजांशी भांडण कशाचे?

दस्तकाचे. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचा परवाना घ्यावा, ही कान्होजींची अट. पोर्तुगीज आधीपासून असेच परवाने विकत होते. पण कान्होजींनी मागितले की इंग्रजांच्या कागदांत ते चाचे ठरत. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडले. त्यावरचा कारवार वखारीचा प्रमुख लढाईत मारला गेला. त्याच्या पत्नीला ३० हजार रुपये मोजून सोडवावे लागले.

पुढे गव्हर्नर चार्ल्स बून याने मुंबईभोवती तट उभारला, जहाजे बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये खास बांधलेला तरंगता तोफखाना घेऊन पुन्हा विजयदुर्ग. तिन्ही वेळा हात हलवत परत. १७२१ च्या अखेरीस ब्रिटिश राजाच्या आरमाराची चार जहाजे आली, पोर्तुगीजही सोबत होते. कुलाब्यावरचा तो हल्लाही फसला आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह उरकला.

जमले कसे?

मोठी जहाजे बांधण्याच्या स्पर्धेत कान्होजी पडलेच नाहीत. त्यांची गुराबे उथळ पाण्यात चालत, तोफा नाळेवर असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत आणि शत्रूच्या मागच्या बाजूने, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नाहीत तिथून मारा करत. अंगाशी आले तर खाडीत शिरायचे. तिथे इंग्रजांची खोल बुडाची जहाजे येऊच शकत नसत. खुल्या समुद्रात इंग्रज भारी होते, हेही मान्य करायला हवे.

मग इंग्रज जिंकले कधी?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबागला आहे. मुलांमध्ये वाटणीची भांडणे लागली आणि लोणावळ्यात सांधलेले पुन्हा उसवले. थोरले शेखोजी १७३३ मध्ये वारले. नंतर मानाजी कुलाब्याला, तर संभाजी आणि त्यांच्यामागून तुळाजी दक्षिणेकडे विजयदुर्गावर. तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. बाळाजी विश्वनाथांचेच हे नातू. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी कैदेत काढले.